या कधी आमच्या गावाला

मनस्वी, पुढच्या महिन्यात तू विमानात बसशील, मग म्हाताऱ्याचं ऐकायला तुला वेळ कुठला? म्हणून आजच सांगून टाकतो. रितेश, तो मोबाइल उलटा ठेव. आणि मधे उठून कुणी पाणी प्यायला जायचं नाही, आत्ताच काय ते पिऊन घ्या.

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या रात्री त्या घरात असलेला लवू हा माझा सख्खा मेहुणा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्या अंगणात उभा होतो. मी तीस वर्षं तलाठीपणा केला. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही पंचनामा लिहिला नाही. तेव्हा पुढे विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

तर शनिवार, वीस सप्टेंबर दोन हजार पंचवीस. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. लवूचा चुलत पुतण्या दर्शन संध्याकाळी पाचला मोटरसायकल काढून मंडणगडला म्हाळाचं, म्हणजे पितरांच्या श्राद्धाचं, सामान आणायला गेला. पोरगा गुणी. दापोलीला शेतीचं शिकला, शिष्यवृत्ती मिळवून जर्मनीला दोन वर्षं राहिला आणि शिक्षण संपवून आठ दिवसांपूर्वीच घरी आला होता. बाप रावजी वारलेला. घरात आई जनी एकटी. बापाचा हा पहिलाच म्हाळ, म्हणून दर्शननं तिकडची नोकरीची बोलणी अर्धी टाकली होती.

दुकानदार हर्षद त्याचा शाळेतला दोस्त. काळे वाटाणे, गूळ, उदबत्त्या बांधता बांधता त्यानं विचारलं, "पत्रावळी किती देऊ?"

"सोळा-सतरा पुरेत. भावकीच हाय फक्त."

"आनी पाव्हन्यांना काय हातावर वाढनार?"

"कसले पाव्हने?"

"अरे, मघाशी तिघं जन येऊन गेले की. तुमच्या वाडीचा रस्ता विचारत व्हते. बोलनं काय कळलं नाय, पन तुझं नाव बरोब्बर घेतलं. म्हटलं, जर्मनीचे दोस्त असतील. रिक्षा सांगतो म्हटलं तर पायीच निघाले."

"गोरे व्हते?"

"गोरे म्हनजे… मातकटच. आनी एवढ्या उकाड्यात गळ्याला फडकी गुंडाळलेली रं. अशी, घट्ट." हर्षदनं स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं.

दर्शन हसला. दोस्त कुणी आले असते तर आधी फोन नसता केला? पण पिशवी उचलता उचलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "पत्रावळीचा एक गठ्ठा जास्त दे." का, ते त्यालाही सांगता येईना. परत येताना नऊ किलोमीटर त्यानं गाडी हळू चालवली. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. वाडीच्या वळणावर मात्र झाडून सगळी कुत्री उभी. भुंकत नव्हती. त्याच्या घराकडे बघत होती.

आता जर्मनीत दर्शनच्या रोजच्या वाटेवर एक चौक होता, तो कसला, ते सांगायला हवं. शहराचं नाव मला उच्चारता येत नाही, आणि तुम्हाला ते कळून काही उपयोगही नाही.

दर्शन तिथं पहिल्यांदा पोचला तो रात्री अकराला. चाकाची बॅग दगडी फरशीवर अशी खडखडली, की चार बाजूंची उंच उंच घरं खिडक्या उघडून ओरडतील असं त्याला वाटलं. एवढी थोरली जागा, मधे एक झाड नाही, एका टोकाला घड्याळाचा मनोरा. आपण दुसऱ्याच्या खळ्यात न विचारता शिरलोय, असं त्याला झालं. पुढे रोज कॉलेजला जाताना तोच रस्ता. मग फुलवाल्या बायका ओळखीच्या झाल्या, भाजलेल्या चेस्टनटचा वास ओळखीचा झाला, घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे हेही कळलं. एकदा त्यानं फोनवरून अख्खा चौक फिरवून बापाला दाखवला. रावजी तेव्हा हयात होता. बघून म्हणाला, "जागा भात झोडायला बरी हाय. पन सावली कुठं रं?"

त्या चौकाच्या एका अंगाला काळ्या फरशीत बावीस पांढरे दगड बसवलेले आहेत. त्यावर नाव नाही, काही नाही. एका मास्तरणीनं वर्गाला तिथं उभं करून सांगितलं. चारशे वर्षांपूर्वी गावातले बावीस विणकर पोटाला भाकरी मागायला उठले होते. राजाच्या माणसांनी एका सकाळी या जागी ओळीनं त्यांची मुंडकी उडवली. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत. रडायलाही बंदी. चुन्याच्या खड्ड्यात टाकली आणि वर फरशी घातली.

त्या दिवसापासून दर्शन त्या दगडांवर पाय देईना, वळसा घालून जाई. आपल्याकडे अशा जागेला वर्षाचा एक नारळ तरी देतात. तिथं उन्हाळ्यात लोक त्याच दगडांवर खुर्च्या मांडून आइस्क्रीम खात. त्यानं हे बापाला सांगितलं. रावजीनं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांस कुनी जेवायला घालीत नाय काय रं?"

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत रावजी गेला. गुरांना पेंढा टाकून आला, अंगणात बसला आणि बसल्या जागी गेला. दर्शनचे तिथं राहायचे कागद नेमके तेव्हा नूतनीकरणाला दिलेले. देश सोडला तर परत घेणार नाहीत. अग्नी लवूनं दिला. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. तीन तास सगळी भावकी उन्हात उभी. लवूनं हात जोडून नाना वचनं दिली. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. त्या रात्री जनी फोनवर एवढंच बोलली, "तुझा बापूस उपाशी गेला रं."

हे वाक्य पोराला खाऊन टाकू लागलं. बापाच्या पोटात आपल्या हातचा एक घास गेला पाहिजे, बाकी शिक्षण, नोकरी सगळं राहू दे, असं त्याचं झालं. पितृपक्ष आला तशी जनी म्हणाली, "वर्साच्या आत म्हाळ नसतो. पुढच्या वर्साला ये, तवा घाल." पण वर्षभर बापाला उपाशी कसं ठेवायचं?

दोन ऑक्टोबर दोन हजार चोवीस, सर्वपित्रीची सकाळ. साडेसहा वाजता अंधारच होता. दर्शननं खोलीवर भात शिजवला, खीर केली. काळे वाटाणे मिळाले नाहीत, दुसरं कसलं तरी कडधान्य शिजवलं. डबा घेऊन चौकात आला. कागदाच्या ताटलीत बापाचं पान वाढलं आणि बाजूला झाला. कुठून आले कोण जाणे, मनोऱ्यावरून कावळ्याच्या जातीचे पक्षी उतरले. लहानखुरे, पांढऱ्या डोळ्यांचे. बघता बघता ताटली साफ.

पोरगा तिथं ढसाढसा रडला. बाप जेवला! त्या आनंदात त्याला बापाचं ते बोलणं आठवलं. डब्यात भात उरला होता. त्यानं त्या बावीस दगडांवर एक एक मूठ ठेवली. म्हणाला, "तुम्हीपन जेवा बाबांनो. माझ्या बापाला तुमची दया आली व्हती."

इथवर ठीक होतं. पण आपला कोकणी माणूस! कुणाला चहा पाजला तरी निघताना आमंत्रण दिल्याशिवाय त्याचा पाय निघत नाही. एसटीत शेजारी बसलेल्यालाही आपण सांगतो. दर्शननं डबा बंद केला, वळला आणि अगदी सवयीनं बोलून गेला, "या कधी आमच्या गावाला."

पक्षी एकदम थांबले. सगळ्यांनी माना वर केल्या.

त्या दिवसापासून चौक ओलांडताना त्याला बरोबर कुणीतरी चालल्यासारखं वाटे. तो थांबला की मागची पावलं थांबत. भीती वाटली नाही. बाप आहे, असंच तो धरून चालला, आणि आईलाही तसं कळवलं. पुढे वर्षभरानं कायमचं निघायची वेळ आली तेव्हा बॅग ओढत तो शेवटचा त्या चौकातून गेला. लोक होते, फुलवाल्या होत्या, घड्याळ तीन मिनिटं पुढेच होतं. पण चौक त्याला पहिल्यांदाच रिकामा वाटला.

बरं, आता रविवारी या. एकवीस सप्टेंबर. जनीनं पहाटेपासून राबून वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर, अळूची भाजी असा सगळा स्वयंपाक केला होता. दर्शननं स्वतःच्या हातानं बापाचं पान वाढलं आणि कौलावर ठेवलं. बारा वाजले. एक वाजला. दोन. कावळा शिवणं राहिलं बाजूला, अख्ख्या वाडीत कावळा नव्हता! माणसं उपाशी बसलेली, पोरं रडायला लागलेली.

लवू भावकीत वडील, देवा-पितरांपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. तो दर्शनला गोठ्यामागे घेऊन गेला. "तिकडं पान ठेवलंवतंस असं जनी म्हनते. काय बोललास तवा? शब्दन् शब्द सांग."

दर्शननं सांगितलं. बावीस जणांचं सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं.

लवूनं डोक्यावरची टोपी काढली. "अरे, गाऱ्हान्यात आमी काय बोलतो, लहानपनापासनं ऐकलंस ना? नाव घ्यायचं, कूळ घ्यायचं, गाव घ्यायचं. आनी शेवटाला, हितंच जेवा, हितनंच माघारी जावा. मेलेल्याला घराकडं ये म्हनत नाय रं! तू बावीस जनांना म्हनलास?"

दर्शनला दुकानातलं बोलणं आठवलं. 

दर्भाचा कावळा करून भावकीला जेवू घातलं. पाचपर्यंत सगळी पांगली. लवू मात्र थांबला. जनीकडून पुन्हा भात शिजवून घेतला. अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर, बेड्याच्या म्हणजे वाशांच्या फाटकाच्या पलीकडे, बावीस पत्रावळी मांडून सगळ्यांवर वाढलं. रावजीचं एक पान नव्यानं वाढून घराच्या ओटीवर ठेवलं. मग लवूनं गाऱ्हाणं घातलं, की बाबांनो, पोराची चूक झाली, तुमचं जेवण हे भायेर हाय, ते जेवा आनी आल्या वाटेनं जावा. आणि त्यानं बेड्याचे आडवे वासे एक एक करून सरकवायला घेतले.

जनी आडवी आली. "भावोजी, आज बेडं लावू नका. म्हाळाच्या राती ते उघडं असतं. घरचं मानूस येतं."

"आज लावायचं, जनी. भायेरचे आत आले तर रावजीच्या तोंडचा घास जाईल."

जनी मागे सरली. बेडं बंद झालं. तिघं घरात आली, दार लावलं.

पाऊस दुपारीच थांबला होता. सगळीकडे चिखल. दहा वाजले. अकरा वाजले. अकरा चाळीसला लाइट गेली.

रातकिडे थांबले.

मग ओटीवर आवाज आला. पान सरकल्याचा. जनीनं दर्शनचा हात धरला.

कुणीतरी जेवत होतं. मचमच… मचमच. घाईघाईनं. खूप दिवसांच्या भुकेल्यासारखं.

लवू कानाशी कुजबुजला, "रावजी जेवतोय. तुझ्या हातचं जेवतोय रं, दर्शना."

दर्शनच्या डोळ्यांतून पाणी चालू झालं. आवाज करायचा नाही म्हणून त्यानं तोंडात टॉवेल कोंबला. दीड वर्षानं त्याच्या छातीवरचं ओझं उतरत होतं. बाप दारापलीकडे, दोन हातांवर, पोटभर जेवत होता.

आणि तेवढ्यात…

लांबून, बेड्याकडून, हाक आली.

"जने…"

जनीच्या हातातून दर्शनचा हात सुटला.

"जने… बेडं काढ गं."

रावजीचा आवाज. तोच, जरा बसका, तंबाखूवाला.

ओटीवर मचमच चालूच होती.

दर्शन उठला. लवूनं त्याचं मनगट पकडलं. "बस. रावजी हितं जेवतोय. भायेर ते हायत. आवाज चोरतात ते."

"काका, बाबांचाच…"

"बस म्हनतो ना!"

 मग पुन्हा.

"दर्शना… मला आत येऊ दे रं."

 जनी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. दर्शन दाराशी गेला होता. हात कडीवर. लवू त्याच्या कमरेला मिठी मारून लोंबकळत होता, साठ वर्षांचा माणूस.

"दर्शना… भूक लागलीय."

दर्शनचा हात कडीवर होता. उघडू? ओटीवर बाप जेवतोय. दार उघडलं, बेडं काढलं, तर ते बावीस आत येतील. बापाच्या पानावर पडतील. पुन्हा उपाशी जाईल.

त्यानं हात खाली घेतला.

बाहेरून एक उसासा आला. बस. पुन्हा हाक नाही.

ओटीवरचं खाणं कधी थांबलं, ते तिघांनाही कळलं नाही. रातकिडे सुरू झाले तेव्हा पावणेचार झाले होते.

सकाळी सहाला लवूचा मला फोन आला. "दाजी, येऊन जावा," एवढंच. मी साडेआठला पोचलो. आता मी पाहिलं ते सांगतो, एक शब्द जास्त नाही, कमी नाही.

बेड्याबाहेरच्या बावीस पत्रावळी जशाच्या तशा. भाताचं शीत हललेलं नाही. मुंगीसुद्धा लागली नव्हती. ओटीवरचं रावजीचं पान चाटून पुसून साफ. आणि आत, गडग्याच्या आत, अंगणभर बुटांचे ठसे. जुन्या तऱ्हेचे, रुंद, तळव्याला खिळे मारलेले. इतके दाटीनं, की मधे पाय टेकायला जागा नाही. सगळे ओटीकडे तोंड केलेले. काही ठशांत दुपारच्या पावसाचं पाणी भरलेलं होतं. म्हणजे बेडं लावलं त्याच्या कितीतरी आधीपासून ती मंडळी आतच होती, फक्त संध्याकाळी ते ठसे कुणाच्याच नजरेला पडले नव्हते.

काय गं मनस्वी? हो. बरोबर ओळखलंस. ओटीवर तीच जेवत होती.

लवू मला बेड्याशी घेऊन गेला. बाहेरच्या अंगाला, अगदी वाशांना लागून, अनवाणी पायांचे दोन ठसे. दोनच. येतानाची पावलं नाहीत, जातानाची नाहीत. बेड्याकडे तोंड करून कुणी तासन्‌तास एका जागी उभं राहावं, तसे खोल गेलेले. उजवा पाय पुरा. डाव्याला अंगठा नव्हता.

मुंबईला गोदामात पेटी पडून रावजीच्या डाव्या पायाचा अंगठा गेला होता. गावात लहानथोरांना ठाऊक होतं. दर्शन तिथं चिखलात बसून होता. त्याच्या दोन्ही हातांत भाताची मूठ होती आणि तो ती त्या ठशांपुढे धरून होता. कुणी उठवायला गेलं की म्हणे, "थांबा, जेवतील." दुपारपर्यंत बसला. कावळा आला नाही.

जनीनं त्याच दिवशी बेड्याचे वासे कोयतीनं तोडून चुलीत घातले. त्या घराला आता बेडं नाही. मी या मे महिन्यात पुन्हा जाऊन आलो. उन्हानं सगळं अंगण भेगाळलं होतं, विहिरीनं तळ गाठला होता. ते दोन ठसे तसेच आहेत, आणि त्यांच्यातली माती ओली आहे.